वाक्ये जोडताना काळाचे भान देणारी सराव-पुस्तिका

दहावीच्या इंग्रजीत दोन वाक्यांचे एक वाक्य करणे मुलांना नवे नसते. ‘ॲज सून ॲज’ काढून ‘नो सूनर’ घालण्याची कवायत तर त्यांना तोंडपाठ असते. परंतु कोणता कालदर्शक शब्द कुठे आणि का वापरायचा, असे विचारले की तीच मुले अडखळतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळालेली ही पातळशी सराव-पुस्तिका नेमक्या याच अडचणीवर बेतलेली आहे, म्हणून ती मुलीसाठी घेतली.

मराठी वळणामुळे होणाऱ्या चुकांचे प्रकरण यात सर्वांत सरस आहे. ‘पाऊस थांबत नाही तोपर्यंत इथेच बसू’ हे आपल्या तोंडी बसलेले वाक्य. त्यातला नकार जसाच्या तसा उचलून मुले ‘अनटिल द रेन डझ नॉट स्टॉप’ लिहितात. ‘अनटिल’ला तो नकार लागत नाही, ‘अनटिल द रेन स्टॉप्स’ एवढेच पुरते. तसेच ‘मी पोचेन तेव्हा फोन करीन’ यातल्यासारखा दोन्हीकडे भविष्यकाळ इंग्रजीत चालत नाही. ‘व्हेन आय रीच’ असा साधा वर्तमानकाळ घेऊन ‘विल’ मुख्य वाक्यापुरतेच ठेवावे लागते.

उदाहरणेही पुण्यातलीच आहेत. ‘व्हेन वी रीच्ड स्वारगेट, द बस लेफ्ट’ म्हटले तर आपण पोचलो आणि बस सुटली. ‘हॅड लेफ्ट’ म्हटले तर ती आधीच गेलेली होती. एवढ्याशा फरकाने प्रवासी बसमध्ये की फलाटावर, हे ठरते, असे नाही. पण बस डोळ्यांदेखत गेली की दिसलीच नाही, हे मात्र ठरते.

‘नो सूनर’पुढे ‘दॅन’ आणि ‘हार्डली’पुढे ‘व्हेन’, शिवाय दोन्हींच्या आरंभी सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी, हा भाग नेटका असला तरी नेहमीचाच आहे. खटकते ते ‘आफ्टर’चे प्रकरण. ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी वेंट आउट’ हे वाक्य तिथे चूक ठरवून ‘हॅड स्टॉप्ड’चा आग्रह धरला आहे, वास्तविक ‘आफ्टर’मुळेच क्रम स्पष्ट होत असल्याने दोन्ही रूपे बरोबर आहेत.

उत्तरे शेवटी दिली आहेत, कारणे दिलेली नाहीत. त्यामुळे शेजारी बसून समजावणारे कोणी असेल, तरच ही पुस्तिका घ्यावी.