पर्जन्यछायेतून आंबोलीला: प्राथमिक शाळेच्या वर्षावन सहलीविषयी

लातूर जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या चौथी-पाचवीच्या ४२ मुलांना आम्ही गेल्या जुलै महिन्यात तीन दिवसांसाठी आंबोलीला नेले. वाहन, मुक्काम, जेवण आणि जंगलातील मार्गदर्शन अशी सगळी व्यवस्था निसर्ग सहली आयोजित करणाऱ्या एका खासगी संस्थेकडे सोपवली होती आणि त्यासाठी दर मुलामागे ४,२०० रुपये मोजले. काही त्रुटींबाबत त्यांच्याशी अजून बोलणे चालू असल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही. मात्र अशी सहल ठरवण्याच्या विचारात असलेल्या मराठवाड्यातील शिक्षकांना या पैशांत नेमके काय पदरी पडते, हे कळावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माहितीपत्रकात ‘वर्षावन’ हा शब्द ठळक अक्षरांत होता. काटेकोरपणे बोलायचे तर आंबोलीचे जंगल बहुतांशी निमसदाहरित, म्हणजे सदाहरित आणि पानगळीची झाडे मिसळलेले आहे, आणि अंजनी, जांभूळ, पिसा ही तेथील नेहमी आढळणारी झाडे आहेत. तरीही शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, कारण वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावाला आठशेच्या आसपास पावसावर वर्ष काढणाऱ्या मुलांनी दुसरे काय म्हणावे? बालाघाटच्या पठारावरचा आमचा भाग आणि आंबोली यांच्या उंचीत फारसा फरक नाही. फरक एवढाच की अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे आधी सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होऊन तेथेच रिते होतात आणि आमच्यापर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांच्यात थोडेच उरलेले असते. ‘परिसर अभ्यास’ शिकवताना हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो आणि मुले ते पाठही करतात.

प्रवासाचा एक पूर्ण दिवस जातो, हे आधीच समजून घ्यावे. तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज असा रस्ता धरून आणि पुढे गडहिंग्लज, आजरा ओलांडून आम्ही अंधार पडता पडता पोहोचलो. रात्रीचा प्रवास नको ही आमची अट संस्थेने पाळली, गाडी चांगली होती आणि चालक समंजस होता. मिरजेला चहासाठी थांबलो तेव्हा मुलांना सांगितले की एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी गेले ते येथूनच. ते पाणी कृष्णेचे होते, आणि कृष्णेला मिरजेच्या आधीच कोयना व वारणा येऊन मिळतात, म्हणजे त्या उन्हाळ्यात लातूरकर सह्याद्रीच्या जंगलातले पाणी पीत होते. ही माहिती संस्थेच्या कार्यक्रमात नव्हती. लातूरच्या मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ती ठेवायला हवी होती.

या सहलीतील खरोखर मोलाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या रात्रीची जंगलफेरी. सोबतचा मार्गदर्शक पंचविशीतला स्थानिक तरुण होता आणि त्याला मुलांशी बोलण्याची उत्तम हातोटी होती. मुक्कामाच्या घरामागील पाण्याच्या टाकीवर झुकलेल्या फांदीवर त्याने मलबारी उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे दाखवले. मादी पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते, आजूबाजूची पाने त्याला चिकटतात आणि पुढे आतली पिल्ले सरळ खालच्या पाण्यात पडतात, हे त्याने आवाज खाली ठेवून, फ्लॅश न वापरता समजावले. त्यावर पाचवीतल्या एका मुलीने विचारले, “दादा, तोवर खालचं पाणी आटलं तर?” हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता, असे तो म्हणाला, आणि मग घाई न करता त्याने उत्तर दिले: तर पिल्ले मरतात, म्हणूनच बेडकी पाऊस सलग लागल्याशिवाय अंडी घालत नाही. पुढे एका वळणावर त्याने सर्वांना बॅटऱ्या बंद करायला लावल्या. मिनिटभर काहीच दिसले नाही, मग डोळे अंधाराला सरावल्यावर सडक्या ओंडक्यावरची बुरशी फिकट हिरव्या उजेडाने चमकताना दिसू लागली. एरवी वर्गात एक मिनिट शांत न बसणारी मुले तेथे किती वेळ उभी होती, हे मी घड्याळात पाहायला विसरलो.

दिवसाची फेरीही वाईट नव्हती. झाडाच्या खोडावरचे शैवाक दाखवून मार्गदर्शक बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र राहण्याबद्दल सांगू लागला, तेव्हा मागून कोणीतरी ओरडले, “हे तर दगडफूल!” आमच्याकडे काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही शैवाकच, हे मुलांना घरच्या वासावरून कळले. जळवांची भीती मात्र पहिला तासभर कोणाच्या मनातून गेली नाही. चिकटलेली जळू ओढू नये, नखाने हळूच सरकवून काढावी, आणि तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नसल्याने जखम थोडा वेळ वाहत राहते, हे त्याने स्वतःच्या पायावर दाखवले तेव्हा कुठे रडारड थांबली.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाला मोजून अर्धा तास मिळाला. तेथील कुंडातून ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशाची नवी जात २०२० मध्ये जगासमोर आली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. समुद्र पश्चिमेला इतका जवळ असूनही ही नदी पूर्वेकडे वाहत घटप्रभेला आणि तिच्यातून कृष्णेला मिळते, ही गंमत नकाशा पसरून सांगण्यासाठी तेवढा वेळ पुरला नाही. याउलट धबधब्यासाठी रविवारचे तब्बल तीन तास राखून ठेवले होते. वाहनांची रांग, भाजलेली कणसे, मोठ्याने वाजणारी गाणी आणि गर्दीत हरवू नयेत म्हणून मुलांचे हात धरून उभे असलेले शिक्षक, असे ते तीन तास गेले. त्यात विज्ञान शोधूनही सापडले नाही.

पर्जन्यमापकाचा प्रयोग फसला, आणि त्यात दोष आमचाही आहे. शाळेत मुलांनी अर्ध्या लिटरच्या बाटल्या कापून, तळाचा उंचसखल भाग खडे व पाण्याने भरून, वर १०० मिलिमीटरपर्यंत पट्टी चिकटवली होती. आमच्या अंगणात ती पट्टी कधीच भरली नव्हती. आंबोलीत पहिल्या रात्रीच सगळ्या बाटल्या वाहू लागल्या आणि सकाळी वहीत लिहायला आकडाच मिळाला नाही. मध्ये एकदा बाटल्या रित्या करायला हव्यात, हे रोजचा पाऊस पाहणाऱ्या आयोजकांनी सुचवले असते तर बरे झाले असते.

बाकीच्या त्रुटी मात्र सरळ त्यांच्याकडच्या. दोन मार्गदर्शकांचे आश्वासन असताना प्रत्यक्षात एकच आला, त्यामुळे अरुंद पायवाटेवर रांगेतल्या मागच्या वीस मुलांना त्याचे निम्मे बोलणे ऐकूच आले नाही. जळवांपासून बचावाचे मोजे मोठ्या माणसांच्या मापाचे निघाले. कृतिपत्रिका मराठीत देण्याचे ठरले होते, त्या इंग्रजीत आल्या आणि पहिल्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही दोघा शिक्षकांनी त्या बसून मराठीत उतरवल्या. जेवणाबद्दल एवढेच की उकड्या तांदळाच्या भाताला मुले नाके मुरडत होती, पण दुसऱ्या दिवशी घरच्या काकूंनी नाचणीच्या भाकरी थापल्या आणि प्रश्न मिटला.

एवढे असूनही त्या रात्रीच्या फेरीसाठी मी पुन्हा पैसे देईन. जुलैत जाणार असाल तर प्रत्येक मुलासाठी कपड्यांचे तीन जोड, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कापडी बुटांऐवजी रबरी बूट घ्या, कारण तेथे तीन दिवसांत काहीच वाळत नाही. पुढच्या वर्षासाठी आम्ही संस्थेला दोन अटी लेखी कळवल्या आहेत: धबधब्याचा वेळ हिरण्यकेशीला द्यावा आणि दर वीस मुलांमागे एक मार्गदर्शक असावा. पहिली अट त्यांनी लगेच मान्य केली; दुसरीचे उत्तर अजून आलेले नाही.