हिवाळाभर गळ्यात अडकवलेला विंड मीटर

ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेतला, आता मार्च संपत आलाय. मधल्या काळात चौदा वेळा नेमबाजीच्या रेंजवर गेले. अकरा वेळा तो गळ्यात होता, दोनदा घरी राहिला आणि एकदा बॅटरी मेलेली निघाली. तेव्हा आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात पाच तारे देऊन मोकळं होण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

वस्तू साधी आहे. मुठीत मावणारा, वरच्या टोकाला छोटा पंखा असलेला विंड मीटर. वाऱ्याचा वेग, तापमान आणि वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी एवढं दाखवतो. किंमत साधारण शंभर पौंड. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण या जातीचे तीन-चार मीटर क्लबात फिरतात आणि सगळ्यांच्या खोड्या थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत. याचे मोठे भाऊही मिळतात. रायफलची आणि गोळीची माहिती भरली की साइट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) किती फिरवायची ते तेच सांगतात, आणि किंमत कैक पट. ते मी का घेतले नाहीत ते पुढे येईलच.

कशासाठी घेतला हे आधी सांगते, नाहीतर घरच्या लोकांसारखा तुमचाही गोंधळ होईल. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे रायफल म्हटलं की लोकांना २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत आठवते, नाहीतर २०२४ च्या ऑलिंपिकचं स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ. त्यांची स्पर्धा पन्नास मीटरची. मी स्वतः शाळेत दहा मीटर एअर रायफलवर शिकले, बंद हॉलमध्ये. तिथे वारा म्हणजे डोक्यावरचा पंखा. लग्नानंतर इंग्लंडमध्ये आले, सरेमध्ये राहायला लागले, आणि घरापासून पाऊण तासावर बिस्ली हे नेमबाजीचं केंद्र निघालं. राणी व्हिक्टोरियाने १८६० मध्ये विम्बल्डनला पहिली गोळी झाडून ज्या स्पर्धेचं उद्घाटन केलं, ती १८९० पासून इथे भरते. क्लबात उमेदवारीचा काळ काढला, पोलिसांकडून परवाना घेतला आणि आता ‘टार्गेट रायफल’ हा प्रकार खेळते. गवतावर पालथं पडायचं, डाव्या दंडाला पट्टा, दुर्बीण नाही, नुसत्या छिद्राच्या साइट. .३०८ ची रायफल (हा गोळीचा इंचातला व्यास), १५५ ग्रेनची, म्हणजे साधारण दहा ग्रॅमची गोळी. ३०० यार्डांपासून सुरुवात होते आणि स्टिकलडाउन रेंजवर १००० यार्ड आणि त्याच्याही पुढे जाता येतं.

हजार यार्डांवर गोळी पोचायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात वारा तिला बाजूला नेतो. आडव्या वाऱ्याला ताशी दर एका मैलामागे माझ्या रायफलला जवळजवळ एक मिनिट साइट फिरवावी लागते. मिनिट म्हणजे कोनाचं, एका अंशाचा साठावा भाग. हजार यार्डांवर त्याचे होतात साडेदहा इंच. बुल, म्हणजे टार्गेटचा मधला गोल, दोन फुटांचा. म्हणजे मधोमध धरलेली गोळीसुद्धा वाऱ्याचा अंदाज ताशी दीड मैलाने चुकला की बुलच्या बाहेर. बाकी श्वास, ट्रिगर, पोझिशन वगैरे सगळं जमलं तरीही.

उन्हाळ्यात वारा वाचायला मदत असते. जमीन तापते आणि स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे शेजारी ठेवलेल्या दुर्बिणीतून, मृगजळ वाहताना दिसतं. झाडांना पानं असतात. रेंजवरचे झेंडे कोरडे असतात. झेंडा काठीपासून जितके अंश उचलला असेल त्याला चाराने भागायचं, की साधारण ताशी मैल मिळतात. हा क्लबातला पाढा मी पहिल्याच महिन्यात पाठ केला. हिवाळ्यात यातलं एकेक गळत जातं. ढगाळ दिवशी मृगजळ नसतंच. बर्च आणि ओक उघडेबोडके. आणि झेंडे ओले! ओला झेंडा जड असतो, तो कमी उचलतो आणि सरळ तोंडावर खोटं बोलतो. नोव्हेंबरमधल्या एका रिमझिमीत झेंडा पाहून मी ताशी सहा मैल म्हटलं. गळ्यातला मीटर साडेनऊ दाखवत होता. मी झेंड्यावर विश्वास ठेवला आणि दोन्ही साइटर (गुण धरण्याआधीच्या चाचणीच्या गोळ्या) ‘मॅगपाय’ला गेले, म्हणजे पाचातले तीन गुण. त्या दिवसापासून ओल्या झेंड्यावरून मी फक्त दिशा घेते, वेग घेत नाही. मीटरचे पैसे तिथेच वसूल झाले असं मी धरते.

आता त्याचं खरं दुखणं. मीटर मी जिथे उभी आहे तिथला वारा सांगतो. गोळी पुढचे हजार यार्ड वेगळ्याच वाऱ्यातून जाते, आणि वाटेत ती साइटच्या रेषेच्या दहा-बारा फूट वरूनही जाते. तिथला वारा जमिनीलगतच्या वाऱ्यापेक्षा सहसा जोरात असतो. डिसेंबरमध्ये शूटिंग सुरू व्हायच्या आधी बट्सकडे, म्हणजे टार्गेटांच्या टोकाकडे, चालत जाताना मी थांबत थांबत आकडे घेतले. गोळी झाडायच्या जागी सहा, निम्म्या वाटेवर अकरा, टार्गेटच्या अलीकडे आठ, आणि तोही जरा पाठीमागून. मग बट्समध्ये उतरले आणि मीटर वर धरला. शून्य! अर्थात, समोर मातीचा उंच बांध आहे, त्याच्या आडोशाला बसूनच तर आम्ही टार्गेट वर-खाली करतो. तिथे वारा लागत नाही, फक्त गारठा लागतो. टार्गेटवरच्या भोकांना ठिगळं चिकटवायची खळसुद्धा त्या दिवशी गोठून घट्ट झाली होती.

हे कळल्यावर मीटर कपाटात जायला हवा होता. तो वाचला आमच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्या कोचमुळे. ते म्हणाले, “आकडा बघून साइट फिरवू नकोस. आधी अंदाज सांग, मग आकडा बघ.” तेव्हापासून वहीत दोन रकाने आहेत. गालाला वारा लागतो तेव्हा आधी माझा आकडा लिहायचा, मग मीटर वर करायचा आणि त्याचा लिहायचा. सुरुवातीला माझी चूक तीन-चार मैलांची असायची, आणि गंमत म्हणजे थंडी जितकी जास्त तितका मला वारा जोरात वाटायचा. बधिर गाल आणि पाणावलेले डोळे वारा वाढवून सांगतात. फेब्रुवारीपर्यंत चूक दीड मैलावर आली. मोठा, हुशार मीटर घेतला नाही तो यासाठीच. तो उत्तर देतो. मला उत्तर नको होतं, तपासनीस हवा होता.

आजोळी खळ्यावर उफणणी असायची तेव्हा आजोबा वाऱ्याची वाट बघत बसायचे. आला असं वाटलं की मूठभर भुसा खांद्याच्या उंचीवरून सोडायचे, तो कुठे आणि किती लांब पडतो ते बघायचे आणि मगच आजीला पाटी उचलायला सांगायचे. इथेही जुने लोक गवताची काडी सोडून बघतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसूच आलं.

दिशेबद्दल एक गोष्ट, कारण यात मी पूर्ण एक महिना चुकत होते. वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. बारा वाजताचा वारा समोर टार्गेटकडून येणारा, तीन वाजताचा पूर्ण आडवा. बारा आणि तीनच्या बरोबर मधला, दीड वाजताचा वारा मी निम्मा धरत होते. तो निम्मा नसतो, सत्तर टक्के असतो. निम्मा असतो तो एक वाजताचा. आणि हा मीटर दिशा सांगत नाही. पंखा ज्या दिशेला धराल त्या दिशेचा वारा मोजतो, जरा तिरका धरला की कमी दाखवतो. त्यामुळे आधी हळूहळू फिरवून सगळ्यात मोठा आकडा कुठे येतो ते शोधायचं, मग तिकडे वळून निदान अर्धा मिनिट धरायचा. झुळुकीचा वरचा आकडा आणि सरासरी, दोन्ही लिहून ठेवायचे. मी बहुतेक वेळा सरासरीवर साइट लावते आणि झुळूक दिसली की थांबते. वेळ मर्यादित असतो, त्यामुळे हे थांबणं जिवावर येतं.

थंडीतल्या तक्रारींकडे वळते. स्क्रीन शून्याच्या आसपास आळसावते. आकडे एकमेकांत विरघळल्यासारखे बदलतात. साधी अल्कलाइन बॅटरी एका थंड सकाळी गेली, लिथियमची घातल्यापासून कुरकुर नाही. मीटर कोटाच्या आत ठेवला तर बॅटरी खूश, पण मग बाहेर काढल्यावर तापमान पाच-सात मिनिटं माझ्या अंगाचंच दाखवतो. दोरीला धरून हवेत गरागरा फिरवला की लवकर वठणीवर येतो. शेजारच्याला मात्र आधी सांगा.

तापमानाचा आकडा चैनीचा वाटेल, पण नाही. २५ अंशांच्या हवेपेक्षा शून्य अंशाची हवा साधारण नऊ टक्के घट्ट असते. गोळीला ती जास्त अडवते आणि गोळी खाली पडते. शिवाय काडतुसातली दारू थंड असली की थोडी मंद जळते. माझ्या रायफलला जुलैच्या आणि जानेवारीच्या साइटमध्ये हजार यार्डांवर जवळपास दोन मिनिटांचा फरक आला, म्हणजे वीस इंच. वहीत तापमान लिहिलेलं नसतं तर मी ते रायफलच्या नाहीतर स्वतःच्या माथी मारलं असतं. याच नादात काडतुसं खिशात उबदार ठेवायची हौस एकदा केली. उपयोग नाही. काही उबदार, काही गार, आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या. आता डबा मॅटवर सावलीत, सगळ्यांना सारखीच थंडी. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट बघत बसायचं नाही, हेही तेव्हाच शिकले.

हातमोज्यांनी बटणं दाबता येत नाहीत, आणि यातूनच हिवाळ्यातला सगळ्यात मोठा घोटाळा झाला. जानेवारीत मिटन घालूनच बटण चाचपडलं आणि एकक ताशी मैलावरून मीटर-प्रतिसेकंदावर गेलं. स्क्रीनवर पाच. मी पाच मैल समजून साइट लावली. पाच मीटर-प्रतिसेकंद म्हणजे अकरा मैल. टार्गेट दहा फूट रुंद, मधून काठापर्यंत पाच फूट. पहिली गोळी गेली आणि ती कुठे लागली ते दाखवायला टार्गेट खालीच येईना. रेडिओवर विचारलं तर उत्तर आलं, काही दिसलं नाही. मला वाटलं साइट सैल झाली. दुसऱ्या गोळीचं तेच. मग कोच वाकले, माझ्या गळ्यातला मीटर उचलून पाहिला, नखाने एकक दाखवणाऱ्या दोन बारीक अक्षरांवर टिचकी मारली आणि काही न बोलता परत जाऊन बसले. ती अक्षरं खरंच मुंगीएवढी आहेत, पण चूक माझीच.

फेब्रुवारीत तो दवाने गोठलेल्या काँक्रीटवर पडला. दिसायला धड होता, पण शेजारच्याच्या मीटरपेक्षा एक मैल कमी दाखवायला लागला. पंखा किंचित डगमगत होता. पंखा सुट्टा मिळतो, अंगठ्याने दाबला की निघतो, नवा बसतो, दोन मिनिटांचं काम. घेताना सुटा पंखा मिळतो ना एवढं जरूर बघा. रिमझिमीत पात्यावर थेंब अडकले तरीही आकडा घसरतो. फुंकर मारायची आणि पुन्हा धरायचा.

जाणवणाऱ्या थंडीचा आकडा नेमबाजीला काहीच कामाचा नाही. घरी मात्र आहे. दोन अंश तापमान आणि ताशी पंधरा मैल वारा असला की तो उणे तीन दाखवतो. त्याचा फोटो एकदा मी आईला पाठवला. लगेच फोन. “एवढ्या गारठ्यात गवतावर पालथी पडून काय मिळतं गं तुला?” म्हटलं, पंच्याहत्तरपैकी एकोणसत्तर मिळाले. “आणि उरलेले सहा?” म्हटलं, वारा.

बोटांबद्दल थोडक्यात: बोट बधिर झालं की ट्रिगर कुठे सुटतो ते कळत नाही, आणि ते स्कोअरपेक्षाही सुरक्षिततेला वाईट. वरचं टोक उघडणारं मिटन, आत गरम पुडी, आणि नेम धरायच्या अर्धा मिनिट आधीच बोट बाहेर. बोट जाणवत नसेल तर बोल्ट, म्हणजे रायफलची मागची कडी, उघडून थांबायचं. थंड हवेत तापलेल्या नळीवरून वाफेसारखी लहर उठून नेमात येते, त्यासाठी नळीवर ताणून बसवायची पट्टी लावते. यात मीटरचा काही संबंध नाही, पण लोक विचारतात.

कोणी घ्यावा? तीनशे यार्डांच्या पुढे जाणाऱ्या नवख्याने घ्यावा, तोही स्वस्तातला, आणि सोबत वही. वीस वर्षं खेळणाऱ्याला याची गरज नाही. त्यांचे गाल आधीच तयार आहेत. स्पर्धेत चालतो का हे ज्या त्या स्पर्धेच्या नियमात बघून घ्या. मी फक्त सरावाला वापरते. पाचात चार तारे. एक तारा त्या मुंगीएवढ्या अक्षरांसाठी कापला.

गेल्या शनिवारी क्लबात नव्याने आलेल्या एका कॉलेजच्या पोराला तो महिनाभरासाठी दिला. लिथियमची बॅटरी घालून, सापडावा म्हणून दोरीला लाल लोकर गुंडाळून, आणि एककाच्या बटणावर चिकटपट्टीचे दोन थर मारून.