दोन पायांवर उभी राहणारी होडी: जुन्या वेस्टर्ली सेंटॉरवर राहताना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथ हार्बरच्या वरच्या टोकाला, फेअरमच्या खाडीत मी मागच्या ऑक्टोबरपासून वेस्टर्ली सेंटॉर या २६ फुटी शिडाच्या होडीवर राहतोय. एक अख्खा हिवाळा आणि एक उन्हाळा झाला. या होड्या १९६९ ते १९८० या काळात इथून जवळच वॉटरलूव्हिलला बांधल्या जात. २,४०० च्या वर बांधल्या गेल्या, त्यामुळे आजही विकायला मिळतात. माझी १९७४ ची आहे. जुनी होडी घेऊन तिच्यावर राहायचं मनात असेल तर आधी तिचा तळ बघा, केबिन नंतर.

बहुतेक शिडाच्या होड्यांना मधोमध एकच खोल कील असते, म्हणजे तळाखाली उतरलेलं लोखंडाचं किंवा शिशाचं जड पातं. पाणी ओसरलं की अशी होडी कुशीवर कलते. सेंटॉरला डाव्या-उजव्या बाजूंना एकेक, अशी दोन बिडाची पाती आहेत, आणि तिला तरंगायला जेमतेम ३ फूट पाणी पुरतं. पोर्ट्समथला उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या आसपास असतो, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) साधारण निम्मा. ओहोटीला आमच्या जागी पाणी उरतच नाही, नुसता मऊ गाळ. होडी सावकाश खाली बसते, दोन्ही कील गाळात रुततात आणि ती सरळ उभी राहते. भाजी चिरायची, लॅपटॉपवर काम करायचं, झोपायचं, कशातच खंड पडत नाही. पैशांचंही गणित इथेच सुटतं. मरिनात, म्हणजे होड्यांच्या भाड्याच्या तळावर, कायम खोल पाण्यात राहणारी जागा होडीच्या लांबीच्या मीटरमागे भारी पडते. गाळातली जागा बरीच स्वस्त मिळते, कारण एका कीलच्या होड्यांना ती सोयीची नसते. राहायची लेखी परवानगी मात्र आधी घ्या. बऱ्याच ठिकाणी ती मिळत नाही, आणि टपालासाठी जमिनीवरचा पत्ताही लागतो.

तळाची देखभाल हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा. भरतीला घट्ट, सपाट जमिनीवर होडी लावायची, पाणी गेलं की गमबूट घालून खाली उतरायचं, तळ तपासायचा, बाकीच्या धातूचा गंज स्वतःवर घेऊन झिजलेले झिंकचे तुकडे बदलायचे आणि पुढच्या भरतीला निघायचं. क्रेनचं भाडं वाचतं आणि स्वतःच्या होडीचा तळ स्वतःच्या डोळ्यांनी नियमित बघायला मिळतो. पन्नाशीला आलेल्या होडीच्या बाबतीत याची किंमत फार आहे.

घेताना सगळ्यात बारकाईनं तपासायचं तेही इथेच. दर ओहोटीला तीन टनांचं वजन या दोन पात्यांवर टेकतं आणि त्यांना बाहेर फाकवायला बघतं. वर्षानुवर्षं हे चालल्यावर बोल्टांभोवतीचं फायबर लवचू लागतं. होडी क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली असताना कोणाला तरी कील जोरात हलवायला सांगा आणि आपण जोडावर नजर ठेवा. मग ती जमिनीवर टेकताना पाती किती फाकतात ते बघा. आत केबिनच्या फळ्या उचलून गंजाचे ओघळ, बारीक भेगा, साचलेलं पाणी शोधा. माझ्या होडीत आधीच्या मालकानं आतून आडव्या फायबरच्या फासळ्या घालून हा भाग मजबूत केलाय. त्या कामाचे फोटो आणि बिलं बघून मी चार पैसे जास्त आनंदानं दिले. चांगल्या सर्व्हेयरची, म्हणजे होडी तपासणाऱ्या तज्ज्ञाची, फी टाळू नका.

राहण्यातला खरा त्रास दमटपणाचा. फायबरची भिंत एकेरी असते आणि बाहेर थंडी. श्वासातली, स्वयंपाकातली वाफ रात्रीत भिंतींवर पाणी होऊन उतरते. गॅस जळतानाही वाफ तयार होतेच. गादीखाली हवा खेळती राहील अशी जाळी घातली, कप्प्यांच्या आतून फोमचे तक्ते चिकटवले, धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर बसवला आणि किनाऱ्यावरच्या विजेवर डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) चालू ठेवला, तेव्हा कुठे बुरशी हटली. आपला प्रेशर कुकर इथे फार कामाचा आहे. वरण-भात एकत्र होतो, गॅस कमी लागतो, वाफ कमी सुटते, आणि होडी हलली तरी झाकण घट्ट. सिलिंडर प्रोपेनचा घ्या. गोठवणाऱ्या थंडीत ब्युटेनची वाफच होत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं गळला तर तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचा निचरा बाहेरच्या बाहेर होतोय ना, हे बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

छताचं अस्तर या होड्यांत हमखास लोंबतं, कारण व्हिनाइलमागचा फोम भुगा होतो. ते काढून पातळ तक्ते लावले. खिडक्यांचे रबरही बदलावे लागले. बाकी फर्निचर अजून भक्कम आहे.

वारा येतो त्या दिशेकडे तिरकं जाताना ती खोल कीलच्या होडीपेक्षा जास्त बाजूला सरकते. वेग साधारण ५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर. वाइट बेटाच्या पश्चिमेला हर्स्टच्या अरुंद तोंडातून उधाणाला पाण्याची ४ नॉटच्या वर ओढ असते, तेव्हा निघायची वेळ भरतीच्या तक्त्यावरूनच ठरते. मला ते आवडतं. त्याच बेटावरच्या न्यूटाउनच्या खाडीत मात्र हीच होडी उथळात शिरून निवांत नांगर टाकते, मोठ्या होड्या बाहेर जागा शोधत असताना.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा किती जुन्या आहेत याचा कागद माझ्याकडे नाही, आणि विमा कंपन्या तारांचं वय विचारतातच. येत्या मार्चमध्ये सगळ्या बदलून घेणार आहे. इंग्लिश चॅनल ओलांडून फ्रान्समधल्या शेरबूरला जायचं ते त्यानंतरच.