पोटासाठी निघालेले दोघे

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्यामुळे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचताना माझं लक्ष आधी राजाराम मास्तरांच्या शाळेवरच खिळलं. औंध संस्थानातली माणदेशी वाडी, तीस-पस्तीस धनगरांची घरं. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. मास्तर कोवळ्या वयाचा, पहिलीच नोकरी. कारभाऱ्याचं मन वळल्याशिवाय वर्ग भरायचा नाही, हे त्याला लवकर कळतं. मग लोक पत्रं लिहून घ्यायला येतात, तालुक्याहून सामान आणायला सांगतात, घरातली भांडणंही त्याच्यापुढे मांडतात. हे सगळं अजून तस्संच आहे. गावात मास्तरांवर शिकवण्यापलीकडची किती कामं येतात, ते माडगूळकरांनी एकही तक्रार न करता लिहिलंय.

शेकूचं प्रकरण मी दोनदा वाचलं. जोडीला बैल नाही, म्हणून बायकोच जुवाखाली मान देते. लेखक तिथे हळहळत नाही, दिसलं ते सांगतो नि पुढे जातो. अंजी, आनंदा रामोशी, आयबू ही माणसंही अशीच दोन-चार रेघांत उभी राहतात. तालमीच्या उद्घाटनाला औंधचे राजे येतात तो भाग वाचताना मला माझ्याच गावचा समारंभ झाल्यासारखा आनंद झाला. म्हणूनच पुढचा दुष्काळ फार लागला.

त्याच आठवड्यात विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' हाती घेतलं. वरसईचे हे भटजी. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातल्या बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, हे ऐकून १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. तोफांचा मारा, नंतरची कत्तल, लूट, जळालेले ग्रंथ हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. कमावलेली दक्षिणाही गेली.

या पुस्तकाचा खरेपणा मला त्या दक्षिणेतच दिसतो. गोडसे कुणाच्या बाजूने भाषण करत नाहीत. कुणी किती दिलं, जेवणात काय होतं, कुठे लपलो, हे ते बारकाईने सांगतात. म्हणून राणीबद्दल लिहितात तेव्हाही विश्वास बसतो. काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, तहानलेली लक्ष्मीबाई भेटते. भटजी विहिरीचं पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवून स्वतःच पाणी काढते आणि ओंजळीने पिते. झाशीच्या राणीवर शाळेत आम्ही दरवर्षी भाषणं बसवतो. त्यांतल्या कशानेही मला ती इतकी जवळची वाटली नव्हती.

विकत घेणार असाल तर आवृत्ती पाहून घ्या. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापताना मजकुरात बरेच फेरफार केले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून केलेली १९६६ ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. जुन्या वळणाच्या वाक्यांमुळे सुरुवातीची पानं सावकाश जातात, पण घाई करू नका. नंतर तीच भाषा आवडू लागते.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९) मात्र माझ्या मनात तितकं उतरलं नाही. बोटीवरची, जर्मनीतून हाकललेली ज्यू हेर्टा मला फार आवडली; तिचं एकटेपण कुठेही नाटकी होत नाही. कादंबरीचा नायक चक्रधर, त्याच्या कडवटपणाने मात्र दम लागला. तरी एवढ्याशा पुस्तकात युरोपातल्या आगीची धग मराठीत आणणं, तेही त्या साली, हे मोठंच काम आहे. हेर्टासाठी वाचा.