स्प्रेडशीटवर ग्राफ, सुईवर टोपी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दोन रंगी विणीची माझी स्वतःची डिझाइन्स गेले नऊ महिने मी स्प्रेडशीटवर काढते आहे. त्याआधी आलेख कागद आणि रंगीत पेन्सिली होत्या. मध्ये दोन महिने ग्राफ, म्हणजे एक चौकोन एक टाका असा डिझाइनचा नकाशा, काढून देणारं एक संकेतस्थळही वापरलं. तिथून ग्राफ बाहेर निघायचा तो फक्त चित्र म्हणून. एक टाका बदलायचा तरी पुन्हा नवं चित्र उतरवून घ्यायचं. एक दिवस तिथली जुनी फाइल उघडेचना, तेव्हा ते सोडलं. या नऊ महिन्यांत दोन टोप्या, हातमोज्यांची एक जोडी आणि एक मफलर पुरा झाला, आणि त्यातली तीन डिझाइन्स इतरांनीही विणली. ते सगळं समोर ठेवून हे लिहिते आहे.

सगळ्यात कामाची गोष्ट आधी सांगते. आलेख कागदावरचा चौकोन चौरस असतो, सुलट विणीतला टाका तसा नसतो. तो रुंदीला जास्त आणि उंचीला कमी भरतो. माझ्या हाताला ३.२५ मिमीच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २६ टाके आणि ३० ओळी बसतात. त्यामुळे २१ बाय २१ चौकोनांत मी छान गोल काढलेलं फूल विणल्यावर सुमारे ८ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर उंच झालं. कागदावर टपोरं, टोपीवर दबलेलं. कागदावर असताना हे अंदाजाने सांभाळावं लागायचं. स्प्रेडशीटमध्ये रकान्याची रुंदी ३० पिक्सेल आणि ओळीची उंची २६ पिक्सेल ठेवली, की पडद्यावरचं फूल आणि सुईवरचं फूल एकाच आकाराचं दिसतं. आकडे उलटे घ्यायचे एवढं लक्षात ठेवा: १० सेंटिमीटरमधल्या ओळींचा आकडा रुंदीला, टाक्यांचा आकडा उंचीला. तुमच्या हाताचे आकडे वेगळे असतील, ते घाला. फक्त टोपी गोल, म्हणजे न पलटता सलग फेऱ्यांनी, विणणार असाल तर नमुन्याचा तुकडाही गोलच विणून मोजा. सपाट विणताना मधल्या ओळी उलट टाक्यांच्या येतात आणि पुष्कळ जणींचा हात तिथे सैल पडतो.

रंग मी हाताने भरत नाही. चौकोनात १, २ किंवा ३ आकडा लिहिते आणि आकड्यानुसार रंग आपोआप यावा असा नियम लावून ठेवते. मरून नको, निळा बघू, असं वाटलं की नियमात एकदा बदल केला की सगळा ग्राफ बदलतो. पेन्सिलीच्या काळात यासाठी अख्खी संध्याकाळ जायची. एका रिपीटचे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या डिझाइनच्या एका तुकड्याचे, चौकोन भरले की शेजारच्या रकान्यांत ‘तिकडे जे असेल तेच इथे’ असं सूत्र घालते, त्यामुळे चार-पाच रिपीट एकदम दिसतात. डिझाइनचा खरा कस इथेच लागतो. डिझाइनमधल्या दोन पानांच्या मधे जी जागा उरते तिचाही एक आकार तयार होतो, आणि एकटं रिपीट बघताना तो दिसत नाही. माझ्या मफलरमध्ये अशी एक जाड पांढरी फुली उमटली होती. विणायच्या आधी दिसली म्हणून काढता आली.

प्रत्येक ओळीच्या टोकाला त्या ओळीत किती रंग आले ते मोजणारं सूत्र आहे. दोनाच्या वर गेलं की चौकोन लाल. स्कॉटलंडच्या शेटलंडमधल्या फेअर आइल बेटावरच्या विणीत रंग कितीही असले तरी एका ओळीत दोनच असतात, आणि शिकणाऱ्याच्या हाताला ती मर्यादा सोयीची पडते. हा काही दगडावरचा नियम नव्हे. स्वीडनमध्ये एम्मा जेकबसन यांनी १९३९ मध्ये उभ्या केलेल्या बोहूस स्टिकनिंग या विणकाम संस्थेच्या स्वेटरांत एका ओळीत दोनाहून जास्त रंग येत, शिवाय मधेमधे उलट टाकेही पेरलेले असत. रंगीत उलट टाका सुलट विणीवर छोट्या दाण्यासारखा उठून दिसतो. माझ्या दुसऱ्या टोपीत मी तसे दाणे घालून पाहिले, आणि विणीला एवढी मऊ खोली आली की ती टोपी अजून कुणाला द्यायचं मन होत नाही.

एका रंगाने विणताना दुसऱ्या रंगाचा जो मोकळा धागा मागून जातो त्याच्यावर मात्र सूत्राने पूर्ण लक्ष ठेवता येत नाही. एकच रंग सलग पाच टाक्यांहून जास्त आला तर मी मधे तो मागचा धागा विणीत गुंतवून घेते, नाहीतर हातमोज्यात बोट घालताना तो बोटात अडकतो. सलग चौकोन मोजणारं सूत्र लावलं होतं, पण रिपीटचा शेवट आणि पुढच्या रिपीटची सुरुवात जोडून जो लांब धागा होतो तो त्यातून निसटला. पाच-पाच टाके दोन्हीकडे, मिळून दहा. आता मी दोन रिपीट शेजारी ठेवूनच तपासते.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त शिकवलं ती. पहिल्या टोपीत गडद हिरव्या पार्श्वभूमीवर मरून पानं होती. पडद्यावर ती सुरेख उठत होती. ग्राफ विणून बघायला दिला आणि दुसऱ्याच दिवशी एकीचा निरोप आला, “ताई, माझ्या छापलेल्या कागदावर डिझाइनच नाही हो. सगळे चौकोन राखाडी आहेत.” तिने काळ्या-पांढऱ्या रंगात छापलं होतं. छपाईची अडचण असेल असं समजून मी तिला दर चौकोनात खूण घातलेला ग्राफ पाठवला आणि विषय संपवला. आठवड्याने माझी स्वतःची टोपी विणून झाली. जवळून बघताना पानं होती, हातभर लांब धरली की नुसता गढूळ पट्टा. तिच्या कागदाने जे सांगितलं होतं तेच लोकरीनेही सांगितलं: दोन्ही रंग वेगळे होते, पण गडदपणा सारखाच. पानांच्या बावीस ओळी मी उसवल्या आणि मरूनच्या जागी फिका मोहरी रंग घेतला. आता लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून आधी काळा-पांढरा फोटो काढते, आणि ग्राफमध्ये रंगासोबत खूण घालते. काहींना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही, त्यांनाही त्या खुणेचा उपयोग होतो.

कुठला धागा खालून न्यायचा हेही लिहून द्यायला हवं, आणि पुष्कळ नमुन्यांत, म्हणजे विणायच्या लेखी सूचनांत, ते लिहिलेलं नसतं. दोन धाग्यांपैकी जो मागच्या बाजूला खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तो रंग पुढे येतो. मी एकाच ग्राफचे दोन तुकडे विणले, एकात मोहरी खालून, दुसऱ्यात हिरवा खालून. पहिल्यात पानाची शीर रेघेसारखी स्वच्छ, दुसऱ्यात तीच शीर तुटक आणि आत बुडालेली. लोकर, सुई, हात सगळं तेच. तेव्हापासून माझ्या नमुन्यात सुरुवातीलाच सूचना असते: डिझाइनमधल्या पानाचा रंग शेवटपर्यंत खालून. मधेच खालचा धागा बदलला तर त्या ओळीपासून डिझाइन वेगळं दिसायला लागतं.

ग्राफ वाचायची दिशाही गृहीत धरू नये. गोल विणताना प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे आणि खालून वर वाचायची. आपले डोळे याच्या बरोबर उलटे चालतात. चांदणीसारखं दोन्ही बाजूंनी सारखं डिझाइन असेल तर चूक कळतही नाही, पण माझी पानं उजवीकडे झुकलेली आहेत, आणि एका टोपीवर ती डावीकडे झुकून आली. विणणारीची त्यात चूक नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. आता ओळींचे आकडे उजव्या कडेला आणि १ सगळ्यात खाली, शिवाय सुरुवातीच्या चौकोनाला बाण.

मापांबाबत स्प्रेडशीटने मला डिझाइन लहान करायला शिकवलं. २४ टाक्यांचं रिपीट दिसायला देखणं, पण १२० टाक्यांच्या टोपीनंतरचं माप थेट १४४ टाक्यांचं. माझ्या हाताच्या मापाला (१० सेंटिमीटरला २६ टाके) ते ४६ वरून ५५ सेंटिमीटरवर जातं, मधल्या डोक्यांनी काय करायचं? ८ टाक्यांचं रिपीट असेल तर १२०, १२८, १३६ अशी सुमारे तीन-तीन सेंटिमीटरची मापं निघतात. मोठं फूल हवंच असेल तर ते मफलरवर काढते.

एक फसवा आकडा सांगून ठेवते. कुठल्या रंगाचे किती चौकोन हे स्प्रेडशीट लगेच मोजून देतं, आणि त्यावरून लोकर वाटून घ्यावीशी वाटते. तसं करू नका. कमी टाक्यांचा रंगही मागून सगळीकडे फिरत असतो, त्यामुळे चौकोनांच्या हिशेबापेक्षा तो जास्त लागतो. विणून झालेल्या टोपीसाठी आधीचे आणि उरलेले गुंडे वजन करून जो आकडा येतो तोच मी छापते.

नावांबद्दल मला मनापासून वाटतं ते लिहिते. माझ्या हातमोज्यांवर आठ पाकळ्यांची चांदणी आहे. नॉर्वेतल्या सेल्बूच्या दोन रंगी हातमोज्यांची सुरुवात १८५७ मध्ये मारित गुल्डसेथ एमस्टाड या तरुण मुलीने केली असं मानतात, आणि ही चांदणी त्याच मोज्यांमुळे घरोघरी पोचली. ती माझी नाही. नमुन्यात मी लिहिलं आहे की चांदणी परंपरेतली, मनगटावरची पानं आणि अंगठ्याची जोडणी माझी. तसंच प्रत्येक दोन रंगी विणीला फेअर आइल म्हणणं मी थांबवलं. ते एका बेटाचं नाव आहे आणि तिथे अजूनही विणणारे हात आहेत.

स्प्रेडशीट कुठे कमी पडतं? टोपीच्या शेंड्याला. टाके घटत जातात तसा ग्राफ पाचरीसारखा निमुळता होतो, आणि ‘इथे टाकाच नाही’ असे राखाडी चौकोन हाताने भरावे लागतात. विणून बघणाऱ्या तिघींपैकी दोघी तिथेच अडल्या. मोबाइलवर फाइल उघडली की रकान्यांची रुंदीही बदलते, म्हणून देताना पीडीएफच देते, नावात आवृत्तीचा आकडा घालून. चूक सापडली की नवी आवृत्ती आणि पहिल्या पानावर कुठली ओळ बदलली ते. पानांची टोपी सध्या चौथ्या आवृत्तीवर आहे. शेंड्याची पाचर आता मी वेगळ्या पानावर, चौकोन दुप्पट मोठे करून काढली आहे, आणि अडलेल्या दोघींपैकी एक ती परत विणते आहे. काल तिची ४१वी ओळ झाली.