सोसायटीसाठी पॅकेज सबस्टेशन : घ्या, पण चौथरा आधी बघा

बडोद्यात भायली, सेवासी, गोत्रीकडच्या नव्या सोसायट्यांत हल्ली उघड्या यार्डाऐवजी पॅकेज सबस्टेशन दिसतं. पत्र्याच्या एका खोक्यात तीन खण : ११ केव्हीचं आरएमयू (रिंग मेन युनिट, म्हणजे येणारी उच्चदाबाची केबल जोडण्या-तोडण्याचे स्विच), मधे ट्रान्सफॉर्मर, पलीकडे एलटी म्हणजे कमी दाबाचं पॅनल. जागा कमी लागते, पोरंबाळं उघड्या जंपरखाली (जोडतारांखाली) खेळत नाहीत. वस्तू म्हणून चांगलीच. रडगाणं सुरू होतं ते निवडीत आणि बसवण्यात.

५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टला ६६७ अँपिअर देतो, म्हणून एसीबी (एलटी पॅनलमधला मुख्य एअर सर्किट ब्रेकर) ८०० अँपिअरचा. पण बंद खोक्यात उष्णता कोंडते. आयईसी ६२२७१-२०२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे खोक्याला उष्णतेचे ५ ते ३० असे वर्ग असतात. वर्ग १० म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर उघड्यावरच्यापेक्षा १० अंश जास्त तापू शकतो. हा आकडा कोटेशनमध्ये लिहून मागा. मे महिन्यात दिवसा पारा चाळिशीच्या वर जातो आणि रात्री सगळे एसी आणि गाड्यांचे चार्जर एकदम लागतात, तेव्हा वर्ग २० च्या खोक्यातून पूर्ण भाराची अपेक्षा नको. लूव्हरच्या (हवेच्या झडपांच्या) जाळ्या धुळीने बुजल्या तर आणखीच वाईट.

आता चौथरा. इथेच सर्वात जास्त कंजुषी होते. केबल खालून येते, म्हणजे केबलचा खण सर्वात खाली आणि पाणी आधी तिथेच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आजूबाजूला कुठवर चढलं होतं ते विचारा आणि खणाचा तळ त्याच्या वर घ्या. चौथरा उंच झाला की आरएमयूचं हँडल हाताबाहेर जातं, तेव्हा उभं राहायला प्लॅटफॉर्म त्याच अंदाजपत्रकात घाला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम थराथराने कुटला नाही तर चौथरा कलतो, दारं अडकतात, बुशिंगवर (ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेटेड टोकांवर) ताण येतो.

ट्रेंच (केबलचा चर) आखूड ठेवला तर केबल जबरदस्तीने वाकवली जाते. ७० मिमी जाडीच्या तीन कोअर केबलला वळणाला साधारण मीटरभर त्रिज्या हवी. टर्मिनेशन करताना, म्हणजे केबलचं टोक जोडणीसाठी तयार करताना, सेमिकंडक्टर थर सोलणाऱ्याची सुरी खालच्या एक्सएलपीईला (केबलच्या प्लास्टिक इन्सुलेशनला) लागली तर त्या चिरेत डिस्चार्ज (बारीक ठिणग्या) सुरू होतो. चाचणीत निभावतं, काही महिन्यांनी उडतं. चालू करण्याआधी केबलची व्हीएलएफ (अगदी कमी वारंवारतेच्या एसी दाबाची) चाचणी मागा, जुन्या सवयीची डीसी नको.

अर्थिंगचे खड्डे चार : न्यूट्रलला दोन, बॉडीला दोन. काही ठेकेदार चारही जोड एकाच पट्टीवर घेतात आणि वर माती लोटतात. माती लोटण्याआधी फोटो घ्या, प्रत्येक खड्ड्याचं मोजमाप कागदावर घ्या. व्हीएलएफचा अहवाल आणि विद्युत निरीक्षकांची मंजुरी हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता अडवून ठेवा.