हसायला आणलेली रेकॉर्ड : सात महिन्यांनंतर

घेताना माझा हेतू फारसा चांगला नव्हता. नटांनी गायलेल्या जुन्या रेकॉर्ड्स जमवायच्या आणि मित्रमंडळींना ऐकवून हसायचं, एवढंच. विल्यम शॅटनरची १९६८ची ‘द ट्रान्सफॉर्म्ड मॅन’ त्याच नादात आली. पहिल्या रात्री सगळे हसून लोळले. तिसऱ्यांदा लावली तेव्हा कुणी मानही वर केली नाही.

त्याच वर्षीची, रिचर्ड हॅरिस या नटाची ‘अ ट्रॅम्प शायनिंग’ मात्र सात महिने प्लेअरजवळून हललेली नाही. सगळी गाणी जिमी वेब या गीतकार-संगीतकाराची, निर्मितीही त्याचीच. तेव्हा वेबचं वय जेमतेम एकवीस! त्यातलं ‘मॅकार्थर पार्क’ हे गाणं आधी ‘द असोसिएशन’ या गायक-वादकांच्या गटाने नाकारलं होतं. हॅरिसने ते घेतलं आणि ७ मिनिटं २१ सेकंदांचं हे गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. गाण्यात तो ‘मॅकार्थर्स पार्क’ म्हणतो. तो जादाचा ‘स’ सुरुवातीला मला भातातल्या खड्यासारखा लागायचा. आता त्याची वाट बघते.

आवाजाचं म्हणाल तर वरचे सूर त्याला झेपत नाहीत. तिथे तो ओरबाडतो, कधी कधी चक्क फाटतो. पण या गाण्याचा मधला संथ भाग ऐका. तिथे तो गातो कमी, बोलता बोलता सुरावर टेकतो जास्त. ओळीच्या शेवटी श्वास सुटतो तोही ऐकू येतो, आणि एखाद्या तयारीच्या गायकाने तो नक्की झाकला असता. हे मला पहिल्या महिन्यात कळलंच नव्हतं; मी नुसत्या चुका मोजत बसले होते. मग एका रात्री हेडफोन लावून ऐकलं आणि मोजणं राहून गेलं.

त्यानंतरचा वेगवान वाद्यांचा तुकडा म्हणजे हॅल ब्लेनचे ड्रम्स. ती वाद्यं हॉलिवूडमध्ये वाजली, हॅरिसचा आवाज नंतर लंडनमध्ये चढला. सांधा कुठे दिसत नाही.

तक्रारी आहेतच. व्हायोलिनांचा गोडवा काही गाण्यांत अंगावर येतो. दोन्ही बाजू सलग लावू नका. त्याच वर्षीची वेब-हॅरिस जोडीची दुसरी रेकॉर्ड, ‘द यार्ड वेन्ट ऑन फॉरएव्हर’, मी चारदा ऐकली असेन. जड आहे. शिवाय विकणाऱ्याने ‘उत्तम स्थिती’ लिहिलेल्या ‘अ ट्रॅम्प शायनिंग’च्या माझ्या प्रतीत नेमक्या त्या संथ भागातच टकटक आहे. धुतली, पुसली, सुई बदलली, फरक शून्य. जुनी प्रत घेणार असाल तर विकणाऱ्याला तेवढाच भाग वाजवून दाखवायला सांगा. मोठ्या आवाजाच्या जागी ओरखडे दडून जातात, इथे नाही.

शॅटनर एका मित्राला देऊन टाकला. त्याने अजून लावलेला नाही.